जपानला जावं ते मोजक्याच मंडळींनी

मैत्रिणींनो, परदेशची सहल म्हटली की आपल्याकडे अजूनही डोळ्यांपुढे एकच चित्र उभं राहतं. चाळीस-पंचेचाळीस माणसांनी भरलेली बस, पुढे झेंडा धरलेला वाटाड्या, "दहा मिनिटांत फोटो काढून परत या हं," अशी घाई, आणि रात्री हॉटेलात आपलंच वरण-भात-पोळी. अशा सहलींना मी नावं ठेवणार नाही. कितीतरी जणींना त्यांनीच पहिल्यांदा घराबाहेर काढलं, जग दाखवलं. युरोपातले रुंद चौक नि मोठमोठी चर्चेस असा जथा सहज सामावूनही घेतात. पण जपानचं तसं नाही. आम्ही आठ जणी मिळून बारा दिवस तो देश पाहून आलो, आणि माझं तर ठाम मत झालं आहे की जपानला जावं ते मोजक्याच मंडळींनी. आठ, फार तर दहा. का, ते सांगते. आणि कसं, तेही सांगते.

साडेचार चटयांची खोली

जपानी घरात खोलीचं माप चटयांत सांगतात. तातामी म्हणजे आत भाताचा पेंढा आणि वर लव्हाळ्याचं विणकाम अशी जाड चटई. साधारण सहा फूट लांब, तीन फूट रुंद. चहाचा विधी जिथे होतो ती खोली परंपरेने साडेचार चटयांची. म्हणजे करा हिशेब : नऊ फूट बाय नऊ फूट! आपल्या चाळीतली खोलीसुद्धा तिच्यापुढे ऐसपैस म्हणायची. ज्याने या विधीला आजचं रूप दिलं, तो सेन नो रिक्यू (१५२२-१५९१). त्याने उभारलेली मानतात ती 'ताइआन' नावाची खोली क्योतोजवळ यामाझाकीला अजून जपलेली आहे, आणि ती तर अवघ्या दोन चटयांची. जपानने तिला राष्ट्रीय ठेव्याचा मान दिला आहे.

अशा खोलीचं दारही कसं, तर दोन-सव्वादोन फुटांचं. कितीही मोठा सरदार असो, तलवार बाहेर ठेवायची आणि वाकून, गुडघ्यांवर सरकत आत यायचं. आपल्या जुन्या देवळांत गाभाऱ्याचं दार ठेंगणं असतं ना, तसंच हे. मान आपोआप झुकावी म्हणून. क्योतोला आम्ही चार-चार जणींच्या दोन तुकड्या करून चहाला बसलो. एक बाई शांतपणे पाणी उकळते आहे, बांबूच्या कुंच्याने हिरवा चहा घुसळते आहे, आणि खोलीत त्या कुंच्याशिवाय दुसरा आवाज नाही. पंचेचाळीस माणसांना हे दाखवायचं तर ते खोलीत दाखवताच येणार नाही. सभागृहात खुर्च्या मांडून दाखवावं लागेल, आणि मग तो चहाचा विधी न राहता चहाचा प्रयोग होईल.

चहाचंच कशाला, तिकडे सगळंच असं बेताचं. सोबा म्हणजे कुट्टूच्या शेवया. त्या मिळणाऱ्या दुकानात ओट्याला लागून आठ-नऊ बैठका असतात; पलीकडे मालक स्वतः उभा. टोकियोच्या शिन्जुकू भागात 'गोल्डन गाई' म्हणून अरुंद बोळांचा एक पुंजका आहे. तिथे दोनशेच्या आसपास पानगृहं दाटीवाटीने उभी आहेत, नि कित्येकांत दहा माणसंही बसू शकत नाहीत. आत जायचं नसलं तरी संध्याकाळी दिवे लागल्यावर एक फेरी जरूर मारावी. कमी जागा म्हणजे कमीपणा, असं या लोकांना वाटतच नाही.

दुसरं कारण मनाला लागणारं आहे. २०२४ साली जपानला ३ कोटी ६८ लाखांहून अधिक परदेशी पाहुणे आले. क्योतोचा गिओन भाग म्हणजे गेइशांची वस्ती, जुनी लाकडी घरं, शांत गल्ल्या. तिथल्या रहिवाशांना पाहुण्यांचा इतका जाच झाला, की त्याच वर्षी काही खासगी गल्ल्या पर्यटकांना बंद झाल्या. आत शिरल्यास १०,००० येन दंड, अशा पाट्याच लागल्या. फुजी पर्वताच्या योशिदा वाटेवरही त्याच वर्षी दिवसाला चार हजार गिर्यारोहकांची मर्यादा आली. आपल्या दारात रोज कोणी घोळक्याने उभं राहून फोटो काढू लागलं, तर आपण तरी काय करू? सहल कितीही हौसेची असली तरी यजमानाला ओझं होणं बरं नव्हे. आठ जणी गल्लीतून गेल्या तर पाहुण्या. पन्नास जणी गेल्या तर मोर्चा!

जुनं आणि नवं, शेजारी शेजारी

पुष्कळांना वाटतं, जपानमध्ये जुनं पाहायचं क्योतोला नि नवं पाहायचं टोकियोला. तसं काही नाही हं. टोकियोत हाराजुकू नावाचं स्थानक आहे. एका बाजूला ताकेशिता रस्ता : रंगीबेरंगी केसांची पोरंपोरी, चित्रविचित्र कपडे, कापसासारखी साखरेची मिठाई. दुसऱ्या बाजूला १९२० सालचं मेइजी देवस्थान आणि त्याभोवतीचं घनदाट रान. हे रान आपसूक उगवलेलं नाही बरं का. देशभरातून लोकांनी दिलेली सुमारे एक लाख झाडं लावून ते उभं केलं. पाच मिनिटं चालायचं, की एका जगातून दुसऱ्या जगात! असाकुसाच्या प्राचीन सेन्सोजी मंदिरातून मान वर केली, तर सुमिदा नदीपलीकडे ६३४ मीटर उंचीचा स्कायट्री मनोरा. तो २०१२ साली खुला झाला.

शिनकानसेन, म्हणजे आपण जिला बुलेट ट्रेन म्हणतो ती, १ ऑक्टोबर १९६४ ला टोकियो ते ओसाका अशी पहिल्यांदा धावली. मुंबई-अहमदाबाद मार्गासाठी जे तंत्र घेतलं, त्याचं मूळ हेच. सगळे तिच्या वेगाचं कौतुक करतात. मला मात्र कौतुक वाटलं ते केराचं! टोकियो स्थानकावर गाडी लागली की सफाईची माणसं सात मिनिटांत अख्खा डबा झाडून-पुसून, आसनं फिरवून मोकळी होतात. आणि जाताना गाडीला वाकून नमस्कार! शाळेत अर्धवेळ शिकवते म्हणून असेल, पण मला त्याचं मूळ लगेच दिसलं. तिथल्या शाळांत मुलं आपला वर्ग स्वतः झाडतात, फरशी पुसतात. आपल्याकडे 'झाडू हातात देणं' ही शिक्षा. तिकडे तो वेळापत्रकातला तासच.

नाटकवेड्या मराठी बायकांनी टोकियोच्या गिन्झा भागातलं काबुकीझा नाट्यगृह चुकवू नये. पूर्ण प्रयोग चार-चार तास चालतो. पण फक्त एका अंकाचंही तिकीट मिळतं. गंमत अशी, की काबुकी सुरू केलं एका बाईनं. १६०३ च्या सुमारास, क्योतोत, इझुमो नो ओकुनी हिनं. पुढे १६२९ मध्ये सरकारने रंगभूमीवर बायकांनाच बंदी केली, नि स्त्रीभूमिका पुरुष करू लागले ते आजतागायत. आमच्यातल्या एका मावशींनी ते हातवारे, तो पदर सावरल्यासारखा बाहीचा झोक पाहिला आणि हलकेच म्हणाल्या, "अगं, हे तर आपले बालगंधर्व!" भाषा कळत नव्हती, तरी सगळं कळलं.

ओळखीचे देव

जपानला गेल्यावर आपले देव भेटतील, असं कुणाला वाटेल का? पण बौद्ध धर्माबरोबर कितीतरी देव भारतातून चीनमार्गे तिकडे पोहोचले. हातात वीणेसारखं बिवा नावाचं वाद्य घेतलेली बेन्झाइतेन म्हणजे आपली सरस्वती. असाकुसाजवळ माट्सुचियामा शोदेन हे कांगितेनचं मंदिर आहे. कांगितेन म्हणजे गणपतीचंच रूप. मूर्ती दर्शनाला ठेवत नाहीत, गुप्त असते. आणि दूर्वांऐवजी वाहायचा काय, तर पांढराशुभ्र जाडजूड मुळा! लोक रांगेने मुळे घेऊन येतात.

क्योतोच्या गिओनजवळ 'कामेया कियोनागा' नावाचं जुनं मिठाईचं दुकान आहे. तिथे कांगितेनच्या नैवेद्याचा 'कांकिदान' मिळतो. वर मोटली बांधावी तशी पारी, आत लाल चवळीसारख्या अझुकीचं गोड पुरण, त्यात दालचिनी-लवंगेसारखे मसाले, आणि तिळाच्या तेलात तळलेला. हातात घेतल्याबरोबर आठही जणींच्या तोंडून एकच शब्द निघाला : "मोदक!" तळणीचाच म्हणा ना!

क्योतोहून तासाभरात नारा येतं. तिथल्या तोदाइजी मंदिरातला पंधरा मीटर उंचीचा महाबुद्ध पाहताना एक गोष्ट आठवणीत ठेवा. इ. स. ७५२ मध्ये या मूर्तीचे डोळे उघडण्याचा, म्हणजे बुबुळं रंगवण्याचा विधी झाला, तो बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूच्या हस्ते.

शाकाहारी पोटाचं काय?

हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारला. खरं सांगायचं तर जपानमध्ये 'भाजीचं' म्हणजे 'शाकाहारी' नव्हे. जवळजवळ प्रत्येक रश्श्याचा पाया 'दाशी' नावाचं पाणी असतं, आणि ते बहुधा वाळवलेल्या बोनिटो माशाच्या कीसाचं. मिसोचं सारही त्यातच होतं. म्हणून नुसतं 'मांस नको' सांगून भागत नाही. 'मासा नको, माशाचं दाशीही नको' असं जपानीत लिहिलेलं कार्ड प्रत्येकीच्या पर्समध्ये हवं. टोकियोच्या निशी-कासाई भागात पुष्कळ भारतीय कुटुंबं राहतात. तिथे आपलं जेवण नि वाणसामान मिळतं. पण रोज तिकडे धावायचं असेल, तर घरीच बसलेलं काय वाईट?

मनासारखं जेवायचं तर कोयासानला एक रात्र काढा. वाकायामा प्रांतातला हा डोंगर. कूकाई नावाच्या आचार्यांनी इ. स. ८१६ मध्ये इथे मठ स्थापला. आज शंभरावर मंदिरं आहेत, आणि त्यांतली पन्नासेक पाहुण्यांना उतरवून घेतात. भिक्षूंचं जेवण 'शोजिन रियोरी' : मांस-मासा नाहीच, शिवाय कांदा-लसूणही वर्ज्य! आपल्या चातुर्मासाची आठवण यावी. तिळाचं मऊसूत तोफू, गोठवून वाळवलेलं कोया-तोफू, लोणची, भात. जेवणाआधी 'इतादाकिमासु' म्हणायचं, नंतर 'गोचिसोसामा'. म्हणजे आपलं 'वदनी कवळ' आणि 'अन्नदाता सुखी भव'च म्हणा ना!

कूकाई ८३५ साली गेले असं तिथले लोक म्हणत नाहीत; ते ओकुनोइन इथे अखंड समाधीत बसले आहेत असं मानतात, आणि रोज दोनदा त्यांच्यापुढे जेवण नेतात. आळंदीला जाणाऱ्या आपल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. समाधीकडे जाणारी वाट दोन किलोमीटरची. उंच देवदारासारख्या झाडांखाली दोन लाखांवर थडगी, आणि कित्येकांवर सिद्धम् या जुन्या भारतीय लिपीतली संस्कृत बीजाक्षरं कोरलेली. कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळाही आहे. २०१५ मध्ये त्याचं अनावरण झालं. त्या धुक्यात, इतक्या दूर, त्यांना पाहून हात आपोआप जोडले गेले.

आता थोडं लाजेबद्दल

रियोकान म्हणजे जुन्या पद्धतीची उतारशाळा. जमिनीवर गादी, अंगात सुती युकाता, आणि गरम पाण्याच्या झऱ्याचं सामाईक न्हाणीघर, ओनसेन. बायकांचं वेगळं, पुरुषांचं वेगळं. पण आत अंगावर सुतभर कपडा चालत नाही! हे कळल्यावर आमच्यातल्या निम्म्या जणींनी "आम्ही खोलीतच अंघोळ करू बाई," म्हणून टाकलं. मग साठी ओलांडलेल्या मावशीच उठल्या. म्हणाल्या, "बाळंतपणं केली, म्हाताऱ्यांना न्हाऊ घातलं, आता या वयात कोणाची लाज?" त्या गेल्या, मग एकेक करत सगळ्या. आधी स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ अंग धुवायचं, केस वर बांधायचे, आणि मगच त्या कढत पाण्यात उतरायचं. टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही. तिथे कोणी कोणाकडे पाहत नाही. जाड-बारीक, तरणी-म्हातारी, सगळ्या सारख्याच. वर्षानुवर्षं दुसऱ्यांची पाठ चोळणाऱ्या बाईला स्वतःच्या अंगाची इतकी निवांत ओळख क्वचितच होते. अनोळखी चाळीस जणींत हे धाडस झालं नसतं. आठ जणींत झालं, कारण तोवर आम्ही मैत्रिणी झालो होतो.

हिरोशिमा

"सहलीत कशाला ते दुःख?" असं आमच्यातही एक-दोघींनी म्हटलं होतं. पण हिरोशिमा पाहिल्याशिवाय जपान पाहिला असं मी म्हणणार नाही. ६ ऑगस्ट १९४५, सकाळी सव्वाआठ. संग्रहालयात जपून ठेवलेल्या वस्तूंत एका शाळकरी मुलाचा जेवणाचा डबा आहे. आतलं अन्न जळून कोळसा झालेलं. आईने सकाळी भरून दिलेला डबा. मुलगा सापडला तोही तिलाच, डब्यासकट. रोज सकाळी डबे भरणाऱ्या आम्ही आठ जणी त्या काचेपुढे उभ्या होतो. कोणीच काही बोललं नाही.

बाहेर बागेत १९५८ साली उभारलेलं मुलांचं स्मारक आहे. बाँब पडला तेव्हा दोन वर्षांची असलेली सादाको सासाकी ही मुलगी १९५५ मध्ये, बाराव्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने गेली. आजारपणात ती कागदाचे क्रौंच पक्षी करत असे. म्हणून जगभरची मुलं तिथे कागदी पक्ष्यांच्या माळा पाठवतात. माझ्या वर्गातल्या मुलांनी केलेले पक्षी मी पिशवीतून नेले होते, ते तिथे ठेवले. २०२४ चं नोबेल शांतता पारितोषिक ज्या निहोन हिदान्क्यो संस्थेला मिळालं, ती या बाँबमधून वाचलेल्यांचीच.

गट कसा जमवावा?

आता व्यवहाराचं बोलू. आठ हा आकडा फार सोयीचा. हॉटेलात दोघी-दोघींच्या चार खोल्या, खानावळीत चौघींची दोन टेबलं, रस्त्यावर दोन टॅक्स्या. कोणी उरत नाही, कोणी एकटी पडत नाही. आम्ही त्यासाठी तीन वर्षं भिशी चालवली. नंबर कुणालाच लावला नाही. सगळी रक्कम बँकेत. नवऱ्याकडे मागायला लागलं नाही, की दागिना मोडावा लागला नाही.

कामं वाटून घ्यावीत : एकीकडे तिकिटं, एकीकडे औषधं, एकीकडे रोजचा हिशेब, एकीकडे जेवणाची चौकशी. दुपारचे दोन-तीन तास ज्याने-त्याने आपापल्या आवडीचे. पाचला ठरल्या जागी भेटायचं. गटात राहून एकटेपणाचं सुख मिळतं ते असं.

सहल कंपनीतर्फे जायचं असेल, तर पैसे भरण्याआधी चार प्रश्न विचारा. गटात जास्तीत जास्त किती माणसं? एका गावी किमान दोन रात्री मुक्काम आहे का? खरेदीच्या दुकानांत किती वेळ जाणार? आणि वाटाड्या तिथला, भाषा जाणणारा आहे का?

पर्समध्ये ठेवायचं टिपण

● मार्ग : टोकियो चार रात्री, कानाझावा दोन, क्योतो तीन (नारा त्यातच), कोयासान एक, हिरोशिमा एक, परत ओसाकाच्या कान्साई विमानतळावरून. उलटं टोकियोला यायला नको.

● रेल्वेचा सात दिवसांचा पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून ५०,००० येन झाला. आधी सुट्या तिकिटांची बेरीज करा, मगच पास घ्या. आमच्या मार्गाला सुटी तिकिटंच स्वस्त पडली.

● मोठी बॅग ओढत हिंडू नका. 'ताक्क्युबिन' ही घरपोच सामानसेवा तिथे १९७६ पासून आहे. हॉटेलात बॅग द्यायची, दुसऱ्या गावच्या हॉटेलात ती बहुधा दुसऱ्या दिवशी पोहोचते. पाठीवर एका रात्रीपुरते कपडे पुरे.

● एप्रिलअखेर ते मेचा पहिला आठवडा तिथे 'गोल्डन वीक'ची सुट्टी असते, तेवढी टाळा. दिवाळीच्या सुट्टीत हवा छान असते, नोव्हेंबरच्या उत्तरार्धात क्योतोत पानांचे रंगही.

● चपला दाराशी, तातामीवर सपाताही नाही, आणि संडासाच्या सपाता वेगळ्या. त्या तिथेच सोडून या!

● भातात काड्या उभ्या खोचू नयेत. ते मृताच्या नैवेद्याचं लक्षण. किमोनो नेसलात तर डावी बाजू उजवीवर. उलट फक्त प्रेताला.

● गाडीत फोनवर बोलू नये. कचऱ्याच्या पेट्या रस्त्यात क्वचितच. पिशवी जवळ ठेवा. बक्षिसी कोणी घेत नाही.

● सर्दीच्या काही गोळ्यांना तिथे बंदी आहे. स्यूडोएफेड्रिन दहा टक्क्यांहून जास्त असलेली औषधं नेऊ नका. नेहमीची औषधं महिन्याभराचीच, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह.

● गुडघे दुखत असतील तर रियोकानमध्ये पलंगाची खोली आधीच मागून ठेवा. लाजू नका.

मैत्रिणींनो, जपान महाग आहे, लांब आहे, भाषा अवघड आहे, सगळं खरं. पण घर नीटनेटकं ठेवणं, आल्यागेल्याचं अगत्य, उष्टं-खरकटं टाकू नये, चपला बाहेर काढाव्यात, हे संस्कार ज्या बाईच्या हाडीमाशी खिळलेले आहेत तिला तो देश परका वाटतच नाही. फक्त त्याच्या दारातून आत जाताना थोडं वाकावं लागतं, आणि ते दार लहान आहे. म्हणून सात मैत्रिणी शोधा. तुमच्या इमारतीतच सापडतील. आणि या महिन्यापासून भिशी सुरू करा.